दमा आणि सीओपीडी हेल्थ रजिस्टरातून कसा अभ्यासायचा: गोव्यात बसून सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या आईच्या फायलीत तीन कागद आहेत. पहिल्यावर ब्रॉन्कायटिस लिहिलंय, दुसऱ्यावर ब्रॉन्कियल अस्थमा, आणि सहा वर्षांनंतरच्या तिसऱ्यावर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा आजार. बाई तीच, छाती तीच, पावसाळा लागला की पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपणारी पण तीच. आयुष्यात कधी विडी ओढली नाही तिनं, पण चाळीस वर्षं चुलीवर रांधलं आणि काजूच्या दिवसांत मार्च ते मे फेणीच्या भाटीच्या धुरात उभी राहिली. आता उद्या कोणी गोव्यात दम्याचे पेशंट मोजायला बसलं तर आईला कुठल्या रकान्यात घालणार? मी हेल्थ डेटाचं काम करते, आणि पीजी करणारी मुलं, नर्सिंगची मुलं अधूनमधून विचारतात की ताई ते स्वीडन-डेन्मार्कवाले लोक हेल्थ रजिस्टरातून, म्हणजे सरकारी आरोग्य नोंदींतून, लाखो पेशंटचा अभ्यास करतात तो नेमका कसा आणि आपल्याला इथे साखळी-फोंड्यात बसून त्यातलं काय जमेल, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी तिकडची गोष्ट समजून घ्या कारण पद्धत तिथूनच शिकायची आहे. स्वीडनमध्ये प्रत्येक माणसाला १९४७ पासून एक पर्सनल नंबर आहे, डेन्मार्कमध्ये १९६८ पासून. तोच नंबर हॉस्पिटलात, फार्मसीत, जन्माच्या नोंदीत, मृत्यूच्या नोंदीत, सगळीकडे लागतो, म्हणून वेगवेगळी रजिस्टरं एकमेकांना जोडता येतात. स्वीडनचं पेशंट रजिस्टर १९८७ पासून पूर्ण देशातल्या ॲडमिशन धरतं आणि २००१ पासून स्पेशालिस्टच्या ओपीडी व्हिजिटही, डेन्मार्कचं १९७७ पासून आहे. औषधांचं रजिस्टर स्वीडनमध्ये जुलै २००५ ला सुरू झालं, नॉर्वेत २००४ ला. ही सालं पाठ करायला सांगत नाहीये, पण ती वहीत लिहून ठेवाच, कारण रजिस्टर कधी सुरू झालं याच्यावर तुमचा अर्धा अभ्यास अवलंबून असतो, पुढे सांगते का ते.

पहिलं काम म्हणजे डेटा मागायचं पत्र लिहायच्या आधी एका पेशंटला मनातल्या मनात चालवा. समजा एक माणूस आहे, त्याला धाप लागते. तो हेल्थ सेंटरला गेला, तिथे काय लिहिलं गेलं आणि कुणी लिहिलं? फार्मसीतून पंप (इनहेलर) घेतला, त्याची नोंद झाली का? रात्री कॅज्युअल्टीत आणला, नेब्युलायझर दिला, सकाळी घरी सोडला, तर ती ॲडमिशन धरली जाते की नाही? वारला तर कागदावर काय आलं? रजिस्टरात आजार नसतोच हो, माणूस सिस्टीमला कधी कधी टेकला त्याच्या खुणा असतात फक्त. स्वीडनसारख्या देशातसुद्धा पेशंट रजिस्टरात प्रायमरी केअर नाही, आणि दम्याचे बहुतेक पेशंट तर तिथेच बघितले जातात. म्हणजे नुसतं हॉस्पिटलचं रजिस्टर घेतलं तर तुम्हाला फक्त जास्त आजारी असलेले लोक दिसणार, सौम्य दमावाले गायब. म्हणून तिकडचे अभ्यासक औषधांच्या नोंदीवरून पण पेशंट ओळखतात.

आता ओळखायचं कसं, इथे थोडं सावकाश जाऊया. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक कोड-यादीत, दम्याचा कोड जे ४५, अटॅक न आटोपणारा तो जे ४६, सीओपीडी जे ४४, एम्फिसीमा जे ४३, क्रॉनिक ब्रॉन्कायटिस जे ४१ आणि जे ४२. आणि एक जे ४० आहे, 'ब्रॉन्कायटिस, धड ॲक्यूट नाही की क्रॉनिक नाही', ज्याच्यात आमच्या आईचा पहिला कागद गेला असता. जुना डेटा आयसीडी-९ मध्ये असेल तर दमा ४९३ आणि सीओपीडीसाठी ४९१, ४९२, ४९६ बघायचे, आणि नव्या आयसीडी-११ मध्ये दमा सीए२३ आणि सीओपीडी सीए२२. औषधांना एटीसी कोड असतो, श्वासनलिकेची सगळी औषधं आर०३ खाली येतात: साल्ब्युटामॉल आर०३एसी०२, बुडेसोनाइड आर०३बीए०२, फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडचा एकत्र पंप आर०३एके०७, टायोट्रोपियम आर०३बीबी०४, माँटेलुकास्ट आर०३डीसी०३.

गोची अशी की एकत्र पंप दम्यालाही देतात आणि सीओपीडीलाही, त्यामुळे एकट्या औषधावरून आजार ठरत नाही. मग लोक वयाची अट घालतात, सीओपीडी चाळीसच्या वरच धरायचा, टायोट्रोपियम असेल तर सीओपीडीकडे झुकायचं, आणि दम्यासाठी वर्षात किमान दोन वेळा स्टेरॉइडचा पंप उचललेला हवा, असं काहीतरी. लहान मुलांत जास्त जपून, कारण दोन-तीन वर्षांच्या पोराला व्हायरल झाल्यावर छातीत शिट्ट्या वाजल्या म्हणून एकदा पंप दिला तर तो दमा झाला असं नाही. माझं मत सांगते, एकच व्याख्या कधी ठेवू नका. एक ढिली ठेवा, एक कडक ठेवा, दोन्हींवर सगळं गणित चालवा आणि उत्तर बदलतं का ते बघा, आणि बदललं तर ते लपवू नका, तोच तुमच्या अभ्यासातला सगळ्यात कामाचा भाग असतो.

शिवाय सीओपीडीची खरी खात्री स्पायरोमेट्रीने होते, म्हणजे पंप दिल्यानंतरसुद्धा पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा भागिले एकूण फुंकलेली हवा ०.७० च्या खाली, आणि हा आकडा बहुतेक रजिस्टरांत नसतोच. म्हणून थोड्या पेशंटचे मूळ केस पेपर काढून कोड किती बरोबर आहे ते तपासायचं, याला व्हॅलिडेशन म्हणतात, आणि हे न करता लिहिलेला पेपर मी तरी हातचं राखूनच वाचते.

दुसरी गोष्ट वेळेची. औषधांचं रजिस्टर जुलै २००५ ला सुरू झालं म्हणजे ऑगस्ट २००५ ला ज्याने पंप उचलला तो नवा पेशंट दिसेल, पण तो वीस वर्षांचा जुना दमेकरी असू शकतो. म्हणून सुरुवातीचं एक-दोन वर्ष फक्त मागे वळून बघायला राखायचं, त्या काळात ज्यांच्या नावावर काहीच नाही तेच पुढे नवे धरायचे. हे विसरलात तर पहिल्या वर्षी दम्याची लाट आली असं चित्र येतं आणि दुसऱ्या वर्षी ती ओसरली असं.

याहून धोक्याची चूक म्हणजे न मरणारा काळ. ही नीट समजा कारण मोठमोठे लोक याच्यात फसलेत. २००१ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओच्या डेटावरून एक अभ्यास आला, सीओपीडीसाठी ॲडमिट होऊन घरी गेलेले पासष्टच्या वरचे लोक, त्यातल्या ज्यांनी डिस्चार्जनंतर ९० दिवसांत स्टेरॉइडचा पंप घेतला ते कमी मेले, कमी वेळा परत ॲडमिट झाले. सगळ्यांना आनंद झाला. मग २००३ मध्ये मॉन्ट्रियलच्या सामी सुइसा यांनी दाखवलं की इथे गणितच गंडलंय. असं बघा, दोघांना १ जूनला डिस्चार्ज मिळाला. एकाने २० ऑगस्टला पंप घेतला, म्हणजे तोवर तो जिवंत होता हे आपोआपच आलं. दुसरा १० जुलैला वारला, त्याला पंप घ्यायला संधीच मिळाली नाही, तो 'न घेणाऱ्यांत' गेला. पहिल्याचे ते ऐंशी दिवस औषधाच्या खात्यावर जमा झाले, जे औषध अजून त्याने घेतलेलंच नव्हतं. पुढे २००७ मध्ये टॉर्च नावाची मोठी ट्रायल आली, सहा हजारांवर पेशंट, त्यात लाँग ॲक्टिंग औषध आणि स्टेरॉइडच्या एकत्र पंपाने मृत्यू कमी झाल्याचं पक्कं सिद्ध करता आलं नाही, पी व्हॅल्यू, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा आहे का ते जोखणारा आकडा, ०.०५ च्या खाली यायला हवी होती ती ०.०५२ वर अडकली. उपाय सोपा आहे, प्रत्येक पेशंटचा वेळ तुकड्यांत तोडायचा, पंप घेईपर्यंतचे दिवस 'न घेतलेल्या' खात्यात आणि घेतल्यानंतरचे 'घेतलेल्या' खात्यात. एक्सेलमध्ये एका पेशंटच्या दोन ओळी होतील एवढंच.

तिसरं म्हणजे जास्त आजारी माणसालाच जास्त औषध मिळतं, त्यामुळे औषधच मारतंय असं दिसू शकतं, आणि कधी कधी औषध खरंच मारत असतं, म्हणून हे अवघड आहे. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या अचानक वाढली. तिथल्या लोकांनी मृत्यूच्या नोंदी आणि हॉस्पिटलच्या नोंदी शेजारी ठेवून १९८९ मध्ये फेनोटेरॉल या पंपाकडे बोट दाखवलं. लोक म्हणाले, जास्त आजारी माणसांना तो दिला जातो म्हणून तसं दिसतं. मग त्यांनी एकसारख्या आजारी पेशंटांचीच आपसात तुलना केली आणि धोका तरी दिसतच राहिला. त्या पंपावर निर्बंध आले आणि मृत्यू उतरले. उलट बाजूने कॅनडातल्या सास्काचेवानच्या रजिस्टरावरून २००० मध्ये दिसलं की वर्षभरात स्टेरॉइडचा प्रत्येक जादा पंप वापरला की दम्याने मृत्यूचा दर २१ टक्क्यांनी कमी. ब्रिटनच्या २०१४ च्या दमा-मृत्यू तपासणीत, ज्यांच्या प्रिस्क्रिप्शनचा आकडा सापडला त्या १६५ लोकांपैकी ६५ जणांना मरणाआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त निळे पंप (धाप लागली की लगेच आराम देणारे) लिहून दिले होते. हे वाचलं तेव्हा मी आईच्या कपाटातले रिकामे निळे पंप मोजले. नऊ होते. त्या दिवसापासून हा विषय माझ्यासाठी नुसता डेटाचा राहिला नाही.

सिगारेट, चूल, घरातली ओल, यातलं काहीच या रजिस्टरांत सहसा नसतं. त्यावर तिकडचे लोक भावंडांची तुलना करतात, एकाच घरातली दोन मुलं म्हणजे आईवडील आणि बहुतेक घर सारखं. किंवा भलतंच रजिस्टर जोडतात. स्वीडनमध्ये २००१ पासून कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे, ती त्यांनी दहा लाखांवर मुलांच्या नोंदींना जोडली आणि २०१५ मध्ये छापलं की पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दमा सुमारे १३ टक्के कमी. कुत्र्याच्या नोंदीतून दमा शोधायचं सुचलं ज्याला त्याला माझा नमस्कार.

आता आपल्याकडे या. पूर्ण देशाला जोडणारं असं फुफ्फुसाच्या आजाराचं रजिस्टर आपल्याकडे नाही, आणि आजार मात्र अफाट आहे, २०१६ साली भारतात सीओपीडीचे अंदाजे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटींवर पेशंट होते. सरकारचा आभा हा हेल्थ नंबर आला, चौदा आकडी, पण तो ऐच्छिक आहे, म्हणजे ज्यांनी काढला आणि दाखवला त्यांचीच नोंद जुळेल. मग हातात काय आहे? गोव्यात सगळ्यात भक्कम चीज म्हणजे मृत्यूची नोंद. २०२० साली देशभरात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरने कारण लिहून दिलं होतं, आणि गोवा या बाबतीत देशात अगदी वरच्या ओळीत असतो. हॉस्पिटलातल्या मृत्यूला फॉर्म ४ आणि घरच्या मृत्यूला फॉर्म ४ए. या फॉर्मचा भाग एक म्हणजे मृत्यूपर्यंत नेणारी साखळी, भाग दोन म्हणजे हातभार लावणारे आजार. सीओपीडी फार वेळा भाग दोनमध्ये बसलेला असतो आणि वर हार्ट किंवा न्यूमोनिया. म्हणून दोन मोजण्या करा, मूळ कारण म्हणून सीओपीडी किती आणि कागदावर कुठेही सीओपीडी किती, दोन्हींत मोठा फरक निघेल. आणि नुसतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेले कागद वेगळे काढा, सगळ्यांचंच हृदय आणि श्वास शेवटी थांबतो, त्यातून आजार कळत नाही.

दुसरं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना या गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे क्लेम. २०१६ पासूनचे आहेत, पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांना मिळते, तीनपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्तला चार लाख. पण क्लेम पैशासाठी लिहिला जातो, कुठलं पॅकेज बसतं त्याप्रमाणे निदानाचे शब्द निवडले जातात, हे डोक्यात ठेवून वाचा. तिसरं सर्व्हे, हे रजिस्टर नव्हे पण जोडीला फार कामाचे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत दम्याचा प्रश्न आहे, पण बायका ४९ पर्यंत आणि पुरुष ५४ पर्यंतच, म्हणजे सीओपीडीचं वय सुरू होतं तिथे तो संपतो. ४५ च्या वरच्या लोकांसाठी लासी हा वयस्कांचा देशव्यापी सर्व्हे बघा, २०१७-१८ ची पहिली फेरी, सत्तर हजारांवर लोक आणि त्यात स्पायरोमेट्रीसुद्धा आहे, हा डेटा अर्ज करून मिळतो, पीजीच्या थीसिससाठी मी तर इथूनच सुरुवात करायला सांगेन.

आणि एक साधं पण सोन्यासारखं साधन म्हणजे कॅज्युअल्टीची वही. बार्सिलोनात १९८१ ते १९८७ मध्ये २६ दिवस असे आले की अचानक दम्याच्या पेशंटांनी इमर्जन्सी भरून गेली. कारण कळेना. शेवटी इमर्जन्सीच्या नोंदी आणि बंदरावर त्या दिवशी काय उतरवलं याच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी त्या जुळल्या, सायलोला फिल्टर बसवले आणि प्रकार थांबला. आपल्या वास्कोला बंदर आहे, कोळसा उतरतो. दोन वह्या, तारखेची जोडी, एवढंच लागतं, पर्सनल नंबर पण लागत नाही. मात्र वारा कुठून होता, पाऊस होता का, हे सोबत धरा, नाहीतर जूनमधली प्रत्येक शिंक कोळशाच्या नावावर जाईल.

तसंच खाणींचं. सप्टेंबर २०१२ ला खाणी बंद, मधे परवानगी मिळून परत चालू, मग मार्च २०१८ ला पुन्हा बंद. डिचोली-साखळीच्या रस्त्यावरची धूळ ज्यांनी खाल्ली त्यांना वाटणार की त्या बंदीच्या काळात ॲडमिशन कमी झाल्या असतील, मोजून दाखवूया. मोजा, पण त्याच वेळी ट्रकवाल्यांचे पगार बंद झाले, खाजगी डॉक्टर सोडून लोक सरकारी ओपीडीत आले, म्हणजे सरकारी वहीत आकडा उलटा वाढूसुद्धा शकतो. म्हणून खाण नसलेला तालुका तुलनेला घ्या, बार्देश म्हणा, आणि धुळीशी संबंध नसलेला एक आजार घ्या, अपेंडिक्स म्हणा. अपेंडिक्सचे पेशंटही तेवढेच वाढले असतील तर ती गोष्ट धुळीची नाही, पैशाची आहे.

गोव्यात भागाकाराचा खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, हाही त्रास देतो. जनगणना २०११ प्रमाणे १४ लाख ५८ हजार. पण बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारहून पेशंट येतात, ते वर मोजले आणि खाली नाही मोजले तर दर फुगला. उलट आपले तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, वर्षातले कित्येक महिने बोटीवर, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले अजून मतदारयादीत. पत्त्याचा रकाना असलेलीच नोंद घ्या आणि बाहेरचा पत्ता वेगळा काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. फार्मसीतून रोख पैशाने घेतलेल्या पंपाची नोंद तर आपल्याकडे कुठेच गोळा होत नाही, त्यामुळे स्वीडनसारखी औषधावरून ओळख इथे करायला जाऊ नका.

परवानगीचं थोडक्यात. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, मग ज्या खात्याचा डेटा त्यांचं पत्र, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. नाव, फोन, घर नंबर तुमच्या फायलीत येऊच देऊ नका. आणि गावनिहाय तक्ता छापताना पाचपेक्षा कमी आकडा असेल तर तो लपवा किंवा दोन-तीन गावं एकत्र करा, आपल्या गावात 'वय ६२, बाई, सीओपीडी, मृत्यू' एवढं वाचलं की कोण ते सगळ्यांना कळतं.

सुरुवात पन्नास केस पेपरांनी करा. दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येकाला कोड द्यायचा, एकमेकांना विचारायचं नाही, मग शेजारी ठेवायचे. मी आणि माझ्या मैत्रिणीने असं केलं तेव्हा आईचे तीन कागदही नाव झाकून त्यात घातले होते. मी जे ४५ दिला, तिने जे ४४. एक वही केलीय, डावीकडे कागदाचा नंबर, मधे दोघींचे कोड, उजवीकडे का असं वाटलं ते एका ओळीत. आईच्या ओळीपुढे मैत्रिणीने लिहिलंय: 'चूल, भाटी, ४० वर्षं. स्पायरोमेट्री करून घे.' पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय.